चारशे यार्डांची कोंडी

बँकेच्या, तहसीलदार कचेरीच्या किंवा रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक वाक्य तोंडपाठ झाले आहे : ‘नेट स्लो आहे, जरा थांबा.’ मी ज्या कार्यालयात हिशेबाचे काम केले तिथे खिडकीच्या आत बसून हेच वाक्य मीही हजारदा उच्चारले असेल. एका वर्षी मार्चअखेरीच्या तोंडावर तर आमचे जाळे इतके रेंगाळू लागले, की सकाळी उघडलेली खतावणी चहाच्या वेळेपर्यंत पडद्यावर पुरती उमटत नसे. निदाने पुष्कळ झाली. साहेब म्हणाले, लाइन मोठी घेऊ. कोणी म्हणाले, संगणक जुने झाले. शिपाई म्हणाला, उंदरांनी वायर खाल्ली असेल. आणि त्या इमारतीत ही शक्यता अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

दुरुस्तीला येणारा तरुण मात्र काही बदलायला तयार होईना. ‘आधी मोजू या,’ म्हणाला. दोन दिवस तो कोण किती पाठवतो, कुठे पाठवतो याची नोंद घेत बसला. निघाले ते असे : कोपऱ्यातला एक संगणक, ज्यावर त्या कारकुनाची बदली झाल्यापासून कोणी बसतच नव्हते, तो रात्रंदिवस बाहेरच्या जगाला कचरापत्रे पाठवत होता. त्याचा पासवर्ड म्हणजे कार्यालयाच्या नावाची पहिली पाच अक्षरे. तो विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेलाही होता. आम्ही तीन आठवडे संथपणाची तक्रार करत होतो, आणि दुखणे चोरीचे होते.

तेव्हापासून मनात एक प्रश्न राहिला. जाळे संथ होणे आणि जाळ्यात चोर शिरणे या वरवर दोन वेगळ्या गोष्टी. एक गवंड्याचे काम, दुसरे पोलिसाचे. त्यांचा संबंध प्रथम कुणाच्या, कधी लक्षात आला? निवृत्तीनंतर सवडीने मागोवा घेत गेलो, तेव्हा त्या दोन्ही वाटा कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी, एकाच टेकडीपाशी आणि एकाच सालापाशी येऊन थांबल्या. साल १९८६.

बर्कली विद्यापीठाच्या आवारामागे टेकडी चढते. त्या चढणीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांत सरळ अंतर सुमारे चारशे यार्ड. पायी उतरले तर काही मिनिटांची वाट. दोन्ही ठिकाणचे संगणक अर्पानेटला जोडलेले होते. अर्पानेट हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशाने उभे राहिलेले संशोधकांचे जाळे; १ जानेवारी १९८३ रोजी त्याने टीसीपी-आयपी ही बोलण्याची नवी रीत स्वीकारली आणि आज आपण इंटरनेट म्हणतो त्याचा पाया पडला. १९८६च्या ऑक्टोबरात या चारशे यार्डांच्या वाटेवर काहीतरी बिनसले. एरवी सेकंदाला सुमारे ३२ हजार बिट जात, ते ४० बिटांवर आले. ४० बिट म्हणजे पाच अक्षरे. हा लेख त्या वेगाने पाठवला असता तर एखादी ओळ जायलाच दहा-बारा सेकंद लागले असते. कागद हातात घेऊन टेकडी उतरणारा माणूस सहज आधी पोचला असता.

वायर तुटली नव्हती. यंत्रे बंद पडली नव्हती. उलट सगळी यंत्रे जीव तोडून काम करत होती, आणि तेच कारण होते.

हे समजायला टपालाचा दाखला पुरतो. या जाळ्यात मजकूर अखंड जात नाही. त्याची लहान लहान पाकिटे होतात. पाकीट मिळाले की घेणारा पोच देतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, तर पाठवणारा ते पाकीट हरवले असे धरून तेच पुन्हा पाठवतो. शहाणपणाचाच नियम आहे हा. पण समजा, पाकीट हरवलेले नाही, नुसते वाटेतल्या टपाल कचेरीत रांगेत पडून आहे. पाठवणाऱ्याला ते कळत नाही. तो दुसरी प्रत टाकतो, मग तिसरी. प्रत्येकजण तसेच करतो. रांग प्रतींनीच भरून जाते, नवी पाकिटे जागेअभावी फेकली जातात, म्हणून त्यांच्याही प्रती येतात. कचेरी दिवसभर राबते आणि एकच पत्र चारदा पोचवते. बर्कलीत आतल्या इथरनेटच्या तारा सेकंदाला एक कोटी बिटांच्या होत्या आणि बाहेरची अर्पानेटची वाट ५६ हजार बिटांची. हमरस्ता येऊन बोळात घुसावा तसा प्रकार. बोळाच्या तोंडाशी जे गेटवे होते, म्हणजे आजच्या राउटरांचे पूर्वज, तिथे हा ढीग साचत होता.

हे होणार असे सांगणारा माणूस होता. फोर्ड एरोस्पेस कंपनीतला जॉन नेगल याने जानेवारी १९८४ मध्येच एक टिपण लिहून या कोसळण्याची रीत मांडली होती. त्याच टिपणात त्याने आणखी एक गंमत दाखवली होती : दूरच्या संगणकावर एक अक्षर टंकले की एका अक्षरासाठी ४१ अक्षरांएवढे पाकीट निघते, त्यातली ४० नुसती पत्त्याची आणि नोंदींची. पोस्टकार्डावर एक काना लिहून पाठवण्यासारखे. त्याच्या कंपनीचे जाळे खाजगी आणि आधीच तुडुंब भरलेले होते म्हणून त्याला ते लवकर दिसले. इतरांकडे तेव्हा जागा शिल्लक होती. ज्यांच्या रस्त्यावर गर्दी नाही त्यांना गर्दीवरची व्याख्याने कंटाळवाणी वाटतात.

प्रयोगशाळेतला व्हॅन जेकबसन टेकडी उतरून विद्यापीठात माइक कॅरल्सकडे गेला. कॅरल्स ज्या गटात होता तो बर्कलीचे युनिक्स तयार करणारा गट, आणि त्या काळी जाळ्यावरची निम्मी-अधिक दुनिया त्या युनिक्सवर चालत असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही. दोघे पाकिटांच्या येण्याजाण्याच्या नोंदी घेऊन बसले. हे बिघडले का, असे ते आधी विचारत होते. पुढे जेकबसनने सांगितले आहे, की काही काळाने प्रश्नच उलटा झाला : हे आजवर चालले तरी कसे?

त्यांनी जो उपाय काढला त्यात एक नवी तार नाही, एक नवे यंत्र नाही. पाठवणाऱ्याने स्वतःला आवरायचे, एवढेच. जुने पाकीट जाळ्यातून बाहेर पडल्याशिवाय नवे आत सोडायचे नाही. पोचेला लागणाऱ्या वेळाची नुसती सरासरी धरायची नाही, ती किती खालीवर होते तेही धरायचे, म्हणजे उगाच घाईने दुसरी प्रत निघत नाही. सुरुवात एका पाकिटाने करायची आणि पोच येईल तसतसे वाढवायचे. याला त्यांनी ‘स्लो स्टार्ट’ म्हटले, जरी वाढ दुपटीदुपटीने होत असल्यामुळे संथपणा नावापुरताच आहे. आणि पाकीट हरवले तर ती यंत्राची चूक न मानता गर्दीची खूण मानायची : लगेच आपला वेग निम्म्यावर आणायचा, मग पुन्हा एकेक पाकिटाने हळूहळू वर चढायचे. कमी करताना झटक्यात, वाढवताना सावकाश. याच सुमारास डेक कंपनीत राज जैन आणि के. के. रामकृष्णन हे दोन भारतीय संशोधक याच कोड्यामागे होते, आणि हीच रीत सर्वांना न्याय्य वाटा देते हे जैन आणि त्यांचे सहकारी डा-मिंग चिऊ यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखवले.

जेकबसनचा लेख ऑगस्ट १९८८ मध्ये वाचला गेला. त्याआधीच, त्या वर्षीच्या जूनमध्ये, बर्कलीच्या युनिक्सची ‘टाहो’ नावाची आवृत्ती हे बदल पोटात घेऊन बाहेर पडली होती. फीत आली, लोकांनी ती आपापल्या यंत्रावर चढवली, कोंडी फुटली. या सगळ्यात मला थांबवणारी गोष्ट ही, की या नियमाला पहारेकरी नव्हता. एखाद्याने ठरवले असते की मी नाही वेग कमी करत, तर इतरांनी सोडलेली जागा त्याला फुकट मिळाली असती. जेकबसनला हे ठाऊक होते. गेटवेनेही लक्ष घालावे लागेल असे त्याने लेखातच मान्य केले आहे. तरीही काम भागले ते प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा विचार करील या भरवशावर.

तो भरवसा दुसऱ्या अंगाने मोडकळीला आलेला होता. आणि तेही त्याच प्रयोगशाळेत, कोंडीच्या दोन महिने आधी.

क्लिफर्ड स्टॉल हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीच्या कामाचा पैसा संपला म्हणून प्रयोगशाळेने त्याला तळघरातल्या संगणक विभागात आणून बसवले. तिथे यंत्राचा वापर मिनिटागणिक मोजून विभागांना बिले जात. ऑगस्ट १९८६ मध्ये त्याच्यापुढे एक क्षुल्लक काम आले : २,३८७ डॉलरच्या मासिक हिशेबात ७५ सेंटांचा मेळ बसत नव्हता. मी जन्मभर खतावण्या जुळवल्या आहेत, म्हणून हा भाग वाचताना मला त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटली. पाऊण डॉलर कुणीही किरकोळ खर्चात टाकून दिला असता. मोठी चूक लगेच सापडते, लहान चूक सांगत असते की बेरजेत नाही तर नोंदीतच काहीतरी आहे, हे ज्याने हिशेब लिहिले त्यालाच कळते. ७५ सेंट म्हणजे संगणकाचे नऊ सेकंद. ते ‘हंटर’ नावाच्या वापरकर्त्याने खर्च केले होते, आणि त्याच्या नावापुढे बिल पाठवायला पत्ताच नव्हता.

इथे संथपणाची तक्रार कुणाचीच नव्हती. शिरलेला माणूस शांत, सावध होता, नऊ सेकंदांपुरता येऊन गेला होता. वेगवान जाळे म्हणजे निरोगी जाळे, हा समज इथेच खोटा ठरतो. स्टॉलने एका शनिवार-रविवारी प्रयोगशाळेतली मिळतील तेवढी टंकयंत्रे आणि छपाईयंत्रे उसनी आणून बाहेरून येणाऱ्या पन्नास फोन लाइनींना एकेक जोडले. चोर जे टंकेल ते कागदावर उमटावे आणि त्याला सुगावा लागू नये. तो रात्री तिथेच जमिनीवर झोपला. सकाळी चोराचा सगळा संवाद कागदावर होता.

पुढचा पाठलाग दहा महिने चालला. चोर या प्रयोगशाळेला नुसती पायरी करून पुढे लष्करी संगणकांची दारे ठोठावत होता. सुमारे ४५० संगणकांवर त्याने प्रयत्न केले आणि तिसाहून अधिक ठिकाणी तो आत गेला. यासाठी त्याला अचाट बुद्धी लागली नाही. यंत्र विकताना कंपनीने सोयीसाठी ठेवलेली नावे आणि पासवर्ड पुष्कळांनी बदललेच नव्हते : ‘फील्ड’ला ‘सर्व्हिस’, ‘गेस्ट’ला ‘गेस्ट’. चिकाटी मात्र दांडगी. एक दार बंद असले तर पुढचे.

या पाठलागात वेगाशी संबंधित दोन प्रसंग आहेत, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच गवसले. पहिला मोजण्याचा. चोर फाइल उतरवून घेताना त्याच्या संगणकाकडून पाकिटामागून पोच येई. स्टॉलने पाठवणे आणि पोच यांतला वेळ मोजला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते त्याला ठाऊक होते. हा त्याहून पुष्कळच जास्त निघाला. म्हणजे माणूस समुद्रापलीकडचा. जेकबसनने पोचेच्या उशिरावरून गर्दी ओळखली, स्टॉलने त्याच उशिरावरून चोराचे गाव ओळखायला सुरुवात केली. दुसरा प्रसंग किल्ल्यांचा. चोर एखाद्या नाजूक फाइलीकडे वळला की लाइन तोडणे सोपे होते, पण मग त्याला कळले असते की कुणी पाहते आहे. स्टॉल खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढी आणि जोडणीच्या उघड्या टोकांवर खुळखुळवी. लाइनीत खरखर होई, अक्षरे बिघडत, फाइल धड उतरत नसे. चोराला वाटे, आज नेट स्लो आहे.

माग अखेर पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी मार्कुस हेस या तरुणापाशी संपला. तिथल्या टेलिफोन कचेरीत जुनी यांत्रिक यंत्रणा होती, फोनचा माग हाताने काढावा लागे आणि त्याला तासाभराहून अधिक वेळ लागे. चोराला तेवढा वेळ गुंतवून ठेवण्यासाठी स्टॉल आणि त्याची मैत्रीण मार्था यांनी न्हाणीघरात बसून एक बनावट लष्करी प्रकल्प रचला आणि त्याच्या लांबलचक फाइली संगणकावर ठेवल्या. तो वाचत बसला, माग पूर्ण झाला. हेस आणि त्याचे साथीदार ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. १९९० मध्ये त्यांना झालेल्या शिक्षा मात्र स्थगित राहिल्या.

तरीही १९८८च्या शरद ऋतूपर्यंत बहुतेक विद्यापीठांतला कारभार जुन्याच विश्वासाने चालला होता. एका यंत्रावर यादी असे : अमुक यंत्रावरून येणाऱ्याला पासवर्ड विचारू नये. शेजारधर्मच तो. टपाल पोचवणाऱ्या कार्यक्रमात चाचणीसाठी ठेवलेले मागचे दार तसेच उघडे राहिले होते. दुसऱ्याची चौकशी करण्याच्या एका छोट्या सोयीत ५१२ अक्षरांपुरती जागा ठेवली होती आणि येणारा त्याहून अधिक पाठवील का, हे तपासलेच जात नव्हते.

२ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीतल्या एका संगणकावरून एक लहानसा कार्यक्रम सोडून दिला. तो वरच्या तिन्ही दारांनी शिरे, शिवाय ४३२ शब्दांची यादी घेऊन पासवर्ड ओळखून पाही. फाइली पुसणे, काही चोरणे, यातले त्याने काही केले नाही. पसरत राहायचे, इतकेच. त्याला आपली गर्दी होऊ द्यायची नव्हती. म्हणून आत शिरल्यावर ‘माझा भाऊबंद आधीच इथे आहे का’ असे तो विचारी. पण कुणी खोटेच ‘आहे’ सांगून त्याला पळवून लावील या भीतीने सातातून एकदा उत्तर काहीही आले तरी राहायचे, असे मॉरिसने ठरवले. हे प्रमाण भलतेच मोठे ठरले. एकाच यंत्रात दहा, वीस, पन्नास प्रती राबू लागल्या.

युटा विद्यापीठात त्या रात्रीची नोंद राहिली आहे. त्या वेळेला यंत्रावरचा भार एरवी १ असे. ५च्या वर गेला की काम अडखळू लागे. ८ वाजून ४९ मिनिटांनी पहिली लागण. ९ वाजून २१ मिनिटांनी भार ५. १० वाजून १ मिनिटाने १६. वीस मिनिटांनी व्यवस्थापकाने सगळ्या प्रती मारल्या. आणखी वीस मिनिटांत भार २७. मग त्याने यंत्रच बंद करून पुन्हा चालू केले. ११ वाजून २१ मिनिटांनी भार ३७. देशभर त्या रात्री लोकांनी आधी म्हटले ते हेच, की आज यंत्र फार हळू चालले आहे. मॉरिसचा हिशेब चुकला नसता, सातऐवजी सात हजारांतून एकदा असे त्याने ठरवले असते, तर ती आगंतुक पाहुणी कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातही आली नसती. संथपणानेच पितळ उघडे पाडले.

किती यंत्रांना लागण झाली याचा सहा हजार हा आकडा तेव्हापासून छापला जातो, पण तो अंदाजच आहे. जाळ्यावर तेव्हा साठ हजारांच्या आसपास यंत्रे होती असे धरून काढलेला. बर्कलीतला युनिक्सवाला गट पहाटेपर्यंत उपाय घेऊन उभा राहिला. कोंडीचे औषध पाठवणारी आणि या किड्याचे औषध पाठवणारी जागा एकच. इतकेच नव्हे, किड्याचे भक्ष्य होते ते मुख्यतः बर्कलीचे युनिक्सच. म्हणजे सौजन्याचा नवा नियम आणि ही जुनी उघडी दारे एकाच घराण्याच्या फितींवरून यंत्रायंत्रांत पोचली होती.

पण उपाय पोचायचा कसा? घाबरलेल्या कित्येकांनी आपले संगणक जाळ्यापासून तोडून टाकले होते किंवा टपालच बंद केले होते, आणि औषधाची कृती टपालानेच यायची होती. मॉरिसच्या हार्वर्डमधल्या एका मित्राने मध्यरात्रीनंतर निनावी पत्र टाकले : माफी, आणि किडा थांबवण्याच्या तीन कृती. ते पत्र वाटेतल्या बंद यंत्रापाशी अडकले. बहुतेकांच्या हाती पडले तोवर त्याची गरज उरली नव्हती. त्या रात्री स्टॉलही जागाच होता. चोराच्या पाठलागात त्याची ज्या अधिकाऱ्यांशी ओळख झाली होती त्यांतला एक राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतला रॉबर्ट मॉरिस, संगणक सुरक्षेतला मोठा जाणकार. किडा सोडणारा मुलगा त्याचाच. १९९० मध्ये मुलाला तीन वर्षांची देखरेख, चारशे तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

त्याच महिन्यात संरक्षण खात्याने कार्नेगी मेलन विद्यापीठात तातडीच्या मदतीचे केंद्र उभे केले. पुढच्या चार-पाच वर्षांत जाळ्यांच्या तोंडाशी भिंती आल्या; फायरवॉल हा शब्द रुळला. ज्या गेटवेवर पूर्वी फक्त गर्दी साचे तिथे आता झडती होऊ लागली, आणि झडतीने जो वेळ जातो त्याची तक्रारही त्याच दिवसापासून सुरू झाली.

आपल्याकडे १९८६ मध्येच अर्नेट प्रकल्प सुरू झाला होता. जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी टेलिफोनच्या लाइनीवरून ई-पत्रे धाडत होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. तोवर जेकबसनचा नियम आणि भिंती दोन्ही तयार होऊन बसल्या होत्या. आपल्या हाती तयार माल आला, त्यामागचे भांडण आले नाही. ‘नेट स्लो आहे’ हे आपण पावसासारखे मानले. त्यामागे मोजण्याजोगे काही असेल हे खिडकीच्या अलीकडे किंवा पलीकडे कुणाला सुचले नाही, मला तर नाहीच.

आमच्या त्या तरुणाने चार वाजता कोपऱ्यातल्या संगणकाची वायर काढली आणि खतावणी झर्रकन उमटली. साहेब खूश झाले, मोठी लाइन घेण्याचा प्रस्ताव मागे पडला. सर्वांचे पासवर्ड बदलून घेतले, चिठ्ठ्या काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत शिरत होतो, तर शिपायाने चहाचा कप हातात देता देता, न विचारता, साहेबांचा नवा पासवर्ड मला सांगितला.